कॉलरच्या खाली केरबा

कोल्हापूर, राजारामपुरी, सहावी गल्ली
मंगळवार, दुपार

ती. आक्कास,

धाकट्या संयोगिताचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांनी जेवढं वाकू दिलं तेवढं वाकले आहे, उरलेलं मनातल्या मनात समजून घे.) तुझी कंबर आता कशी आहे? दाजींनी चालायला जायचं पुन्हा सोडलं की काय? काजूच्या शेडमधला धूर दारं लावली तरी घरात येतो म्हणत होतीस, त्याचं काही केलं का? आमच्याकडे सगळं बरं आहे. फक्त हॉलमध्ये सात फुटी इंग्रज उभा असल्यामुळे सोफा स्वयंपाकघरात गेलाय आणि आम्ही दोघं डायनिंग टेबलाच्या एकाच बाजूला, पंगतीत बसल्यासारखे शेजारी शेजारी बसून जेवतो. आमच्या ह्यांची काही तक्रार नाही. परवा तर ताट घेऊन बसताना त्यांनी साहेबाला "बसू का" असं विचारलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फोन सोडून पत्र का लिहिते आहे ते तुला ठाऊक आहे. शुक्रवारी तू फोनवर जे जे बोललीस ते मी उभ्याने ऐकून घेतलं, आणि माझी पाळी आली तेव्हा तू फोन ठेवलास. पत्राला तसं मधेच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते तिथंच पडून राहतं आणि येता-जाता दिसतं.

आधी त्या बातमीचं सांगते. "निवृत्त शिक्षिकेने क्लबचा साहेब कोंडला" असं तू वाचलंस. यातली शिक्षिका मी, हे खरं. साहेब माझ्या घरात आहे, हेही खरं. पण त्याला कोंडला कोणी नाही, तो रीतसर पावतीवर सही करून आणलाय. आणि मी तो परत द्यायला नकार दिला, हे तर सगळ्यात खरं, आणि ते मी पेपरवाल्याला स्वतः सांगितलं. त्याने ते छापलं नाही, म्हणून मला त्याचा राग आहे.

आता मुळापासून ऐक. आपल्या इथला तो जुना क्लब तुला माहीत आहे, जिथे पूर्वी गोरे लोक टेनिस खेळायचे आणि आता आपले लोक टेनिस कोर्टावर लग्नं लावतात. तिथल्या दिवाणखान्यात एक मोठं तैलचित्र होतं. मेजर ऑस्बर्ट पिम, असिस्टंट पोलिटिकल एजंट. लाल कोट, सोनेरी गुंड्या, उजवा हात तलवारीच्या मुठीवर, डावा हात टेबलावरच्या नकाशावर, आणि मागे पन्हाळा. (पन्हाळा असा निळा आणि टोकदार काढलाय की चित्रकार वर कधी गेलाच नसावा. आपल्या गडाला टोक कुठलं? ताट पालथं घातल्यासारखा तर आहे.) गेल्या पावसाळ्यात क्लबने दिवाणखान्यात एसी बसवला आणि त्याचं पाणी चार महिने साहेबाच्या खांद्यावर ठिबकत राहिलं. बुरशी आली. तेव्हा अध्यक्ष अमरसिंह बापूंना आठवलं की आपल्या मुलीला चित्रकला शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन जुनी चित्रं साफ करून देतात. मला बोलावणं आलं. चित्र दुसऱ्या मजल्यावर जिन्याने येईना, म्हणून दोरखंड लावून गॅलरीतून आत घेतलं. आणि त्याच आठवड्यात ह्यांनी गॅलरीला लोखंडी ग्रील ठोकून घेतली, कारण वरच्या मजल्यावर माकडं आली होती. हा भाग लक्षात ठेवायची गरज नाही, पण पुढे पोलिसांनाही तो समजावून सांगताना मला त्रास झाला.

जुनं तैलचित्र साफ करायची एक रीत असते, ती तुला आवडणार नाही. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने मळ काढायचा. थुंकीने जेवढं छान निघतं तेवढं कशानेच निघत नाही, मोठमोठ्या म्युझियममध्येही हेच करतात. म्हणजे साहेबाच्या तोंडाला रोज सकाळी दहा ते एक थुंकी लावायचं काम मी तीन आठवडे केलं. आपल्या घराण्यात असा योग आजवर कोणाला आला नसेल. मी तो मनापासून उपभोगला.

चेहरा झाला, कोट झाला, मग मी हातांवर आले. आणि आक्का, उजव्या हातावरचा काळपट थर निघाला तेव्हा मी काडी खाली ठेवून स्टुलावर बसले. चेहरा गुलाबी, हात मात्र गव्हाळ. रुंद पंजा, बोटांची पेरं जाड, आणि करंगळी आतल्या बाजूला वळलेली. तुझी आणि माझी जशी आहे तशी. तात्यांची होती तशी. बांगडीवाल्या धोंडुबाईला आपल्या हातात बांगडी चढवताना नेमकी जी करंगळी नडायची, ती करंगळी इंग्रज साहेबाच्या तलवारीवर. मी शालूबाईंना हाक मारली. (शालूबाई म्हणजे आमच्या शाळेतल्या जुन्या शिपाई. माझ्यासोबतच निवृत्त झाल्या, आता दुपारच्या चहाला येतात आणि मला कामात सूचना करतात.) त्यांनी हात बघितला, माझा हात बघितला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो तुमचा कोण लागतो?"

मग मी बुटांवर गेले. वरचा रंग जुना होऊन पातळ झाला की कधी कधी खालचं दिसायला लागतं. काळ्याभोर बुटांच्या आतून, पाण्यातून दिसावीत तशी, पाच बोटं दिसत होती. अनवाणी पाय. साहेबाचे बूट त्या पायात शिरलेच नसणार, म्हणून चित्रकाराने पाय काढून त्यावर नंतर बूट चढवले.

त्या काळच्या चित्रकारांची ही रीतच होती. विलायतेहून यायचे आणि एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत साहेब लोकांची चित्रं काढायचे. साहेब दोन-तीन बैठका द्यायचा, तेवढ्यात तोंड उरकायचं. बाकीच्या अंगासाठी बंगल्यावरचा एखादा धिप्पाड गडी साहेबाचा कोट घालून उभा करायचा. साहेबाला उकडायचं. गड्याला उकडतं की नाही हे विचारायची पद्धत नव्हती.

आणि पिम साहेबाच्या बंगल्यावर कोण होतं, हे तुला आणि मला दोघींनाही माहीत आहे. आपले पणजोबा केरबा. आता आपण त्या नाजूक जागेवर आलो आहोत, तर मी स्पष्टच लिहिते. तुझी सोयरीक ठरताना तात्यांनी आजऱ्याच्या पाहुण्यांना सांगितलं की मुलीचे पणजोबा साहेबाच्या घोडदळात रिसालदार होते. घोडे होते, तेवढं खरं. केरबा त्या घोड्यांना खरारा करायचे, दाणा द्यायचे, लीद काढायचे. मोतद्दार होते. चाळीस वर्षं तुझ्या सासरी रिसालदार चालले, आणि शुक्रवारी तू जी फोनवर ओरडलीस ती त्या रिसालदारासाठी. मी केरबांचं नाव काढू नये, साहेबाला गुपचूप क्लबात परत पाठवावं, एवढंच तुझं म्हणणं. आक्का, तुझा संसार उधळावा असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण तुझं म्हणणं मी ऐकलं नाही, ऐकणार नाही, आणि का ते पुढे वाच.

मी क्लबाच्या कमिटीपुढे गेले. मागणी साधी होती. चित्राखालच्या पितळी पाटीवर मेजर पिम असं कोरलंय, त्याच्याखाली अजून एक ओळ कोरा: "कॉलरच्या खाली केरबा, मोतद्दार." कमिटीतल्या एकाला वाटलं मी विनोद करते आहे, तो हसला आणि मग कोणी हसत नाही बघून खोकला. अमरसिंह बापू मात्र गंभीर झाले. साहेबाच्या घराण्यातली एक बाई विलायतेहून हे चित्र बघायला यायची होती, पुढच्याच शनिवारी. बापू म्हणाले, "बाई, पावणं एवढ्या लांबनं येणार, आन् आपण त्यास्नी सांगायचं का, तुमचा पणजोबा निम्माच हाय म्हणून?" मी म्हटलं, सांगायचं. ते म्हणाले, करंगळीचा काय पुरावा, वाकड्या करंगळीची माणसं जिल्ह्यात ढिगानं सापडतील. मी म्हटलं, बरोबर आहे, पण पाटी होत नाही तोवर चित्र माझ्या घरातून हलणार नाही. आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, चार हमाल आले. शालूबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून भाजी निवडत बसल्या आणि उठल्याच नाहीत. तरीही दोघं कडेकडेने वर चढले, तेव्हा त्यांना कळलं की गॅलरीला ग्रील आहे आणि दारातून साहेब आडवा-उभा-तिरका कसाही जात नाही. त्यातल्या एकाने ह्यांना विचारलं, "मग ह्यो आत आलाच कसा?" ह्यांनी त्याला माकडांपासून सगळी हकिकत सांगितली आणि चहा दिला. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. पावती बघितली, साहेब बघितला, ग्रील बघितली, आणि हे दिवाणी प्रकरण आहे असं म्हणून गेले. चौथ्या दिवशी बातमी, आणि पाचव्या दिवशी तुझा फोन.

शनिवारी त्या बाई आल्या. हेलन नाव, सत्तरीच्या पुढच्या, काठी घेऊन चालणाऱ्या, पायात ट्रेकिंगचे बूट. क्लबाने हारतुरे, केक, सगळी तयारी केली होती. पण भिंत मोकळी. बापूंनी सांगितलं चित्र दुरुस्तीला दिलंय. त्या म्हणाल्या, मग दुरुस्ती चालली आहे तिथेच मला न्या, मी त्याच्यासाठीच आले आहे. त्यामुळे चार वाजता आमच्या दारात हेलनबाई, अमरसिंह बापू आणि कमिटीतले सहा जण, सगळे एका वेळी. मी जुन्या गाऊनवर, हातात कापसाची काडी. शालूबाईंनी सगळ्यांना भडंग दिलं. हेलनबाईंनी ते अख्खं बशीभर खाल्लं, डोळ्यांतून पाणी येत असताना खाल्लं, तिथेच मला त्या थोड्या आवडल्या.

मग त्या साहेबासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. आणि हसायला लागल्या. माझं इंग्रजी शाळेपुरतं, बापू बेळगावला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, म्हणून तेच आम्हाला मराठीत सांगत होते. बापूंनी सांगितलं, "म्हणत्यात, ह्यो आमचा माणूस न्हाय." हेलनबाईंनी पर्समधून एक फोटो काढला. मेजर पिम, बायको आणि कुत्रा. आक्का, तू तो फोटो बघायला हवा होतास. उतरते खांदे, आत गेलेली छाती, हँगरला अडकवलेल्या शर्टासारखा माणूस. बायको त्याच्यापेक्षा रुंद. कुत्रा त्याच्यापेक्षा रुबाबदार. चेहरा मात्र तोच.

मी बापूंकडे बघितलं. बापू पंख्याकडे बघत होते.

हेलनबाईंनी मग एक कागद काढला. साहेबाने इथून आईला लिहिलेल्या पत्राची नक्कल. त्यात या चित्राची हकिकत आहे म्हणून मुद्दाम आणली होती. त्यांनी ती बापूंच्या हातात दिली आणि सांगितलं, यांना वाचून दाखवा. बापूंनी चष्मा लावला आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. हवा फार वाईट, आंबे बरे, चित्रकार दारू पितो पण नाक चांगलं काढतो. मग थांबले.

शालूबाई म्हणाल्या, "पुढं वाचा की बापू."

बापूंनी घसा साफ केला. "त्या कोटात तीन तीन तास उभं ऱ्हाणं मला जमण्यासारखं न्हाय. म्हणून माझ्या जागी माझा मोतद्दार उभा ऱ्हातो. अकरा दिवस झालं. माझ्यापेक्षा अंगानं पुष्कळ बरा हाय. आई, कॉलरच्या खाली तू मला वळखणार न्हाईस." आणि मग हळूच, "नाव लिवलंय. कॅरेबा."

मला वाटलं संपलं, मी जिंकले, आणि मी आपली तोंडावर विनय आणायच्या तयारीला लागले. पण बापूंनी कागद खाली ठेवला नव्हता. ते पुढची ओळ मनातल्या मनात दोनदा वाचत होते, ओठ हलत होते. हेलनबाईही खाली बघत होत्या, त्यांना ती पाठ असावी.

"चित्र पुरं झालं तवा मोतद्दाराला बगायला बोलावलं," बापू म्हणाले. "तो लई वेळ बगत हुबा ऱ्हायला. मग चित्रकाराला त्यानं विचारलं, माझं डोस्कं कुठं गेलं. आम्ही सगळे फार हसलो."

आक्का, हे मी तुला हसवायला लिहीत नाही. दिवाणखान्यात गोरे लोक हसत असतील, आणि त्यात हा माणूस उभा असेल, अकरा दिवस दुसऱ्याचा कोट घालून, आणि त्याचा प्रश्न अगदी साधा होता. तो चेष्टेने विचारत नव्हता. त्याला खरंच कळेना. स्वतःचे हात दिसत होते, पाय दिसत होते, छाती दिसत होती, आणि वरती तो नव्हता. आपण हे कधी ऐकलंच नाही. घरी येऊन त्याने कोणाला सांगितलं नसणार. काय सांगणार?

हेलनबाईंनी माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाल्या. बापूंनी ते भाषांतर केलं नाही, पण "सॉरी" एवढं मलाही कळतं. मी म्हटलं, तुम्ही नव्हतात तिथे. त्यावर त्यांनी माझी करंगळी बघितली, मग चित्रातली बघितली, आणि त्यांचं नाक लाल झालं. बापू उठले. माझ्याशी ते आजवर कधी एवढ्या सरळ बोलले नव्हते. "पाटीवर काय कोरायचं ते तुमच्या अक्षरात लिवून द्या, बाई," म्हणाले. "मोतद्दार शब्द मोठा काढा." कमिटीतला तो खोकणारा म्हणाला, ठराव करावा लागेल. बापू म्हणाले, झाला ठराव.

आता तुझ्या रिसालदाराचं. रविवारी सकाळी दाजींचा मला फोन आला, तू देवळात गेली होतीस तेव्हा. मी घाबरतच उचलला. त्यांना सगळं सांगितलं, पत्रातल्या ओळीसकट. मग म्हणाले, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या बाजारात त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमच्या सासुरवाडीचे म्हणजे त्या मोतद्दाराचे ना. त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही, कारण तू रिसालदार सांगताना फार छान दिसायचीस. चाळीस वर्षं तो माणूस तुझ्याकडून रिसालदाराच्या लढाया ऐकतोय, आणि अजूनही पाहुणे आले की स्वतःच विषय काढतो. आता तू त्यांच्यावर चिडणार, ते मला माहीत आहे, पण निदान माझ्यावरची चीड दोघांत वाटली जाईल.

येत्या रविवारी अकरा वाजता क्लबात पाटी लागणार. हेलनबाई तोवर पन्हाळ्यावर मुक्कामाला गेल्या आहेत, गडाला टोक नाही हे त्यांनी मला मेसेज करून कळवलं. ग्रील उद्या कापायची. तू ये. नाही आलीस तरी पाटी लागणारच. तुझ्या परवानगीसाठी हे पत्र नाही, एवढं शेवटी स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे आपल्या दोघींच्या मनात काही किंतु राहायला नको.

दाजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, आणि तुझ्या पायांना लांबूनच हात लावणारी,

तुझी
संयोगिता

ता. क. काजूचे तुकडे मिळाले. अख्खे पाठवत नाहीस हे माझ्या लक्षात आलंय, पण आत्ता वाद नको.

ता. क. २. पत्राचं खरं कारण आता लिहिते. बापूंनी क्लबातली साहेबाशेजारची भिंत मोकळी ठेवायचं कबूल केलंय. तिथे मी केरबांचं चित्र लावणार आहे, डोक्यासकट. कॅनव्हास ताणून तयार आहे. अंग साहेबाच्या चित्रावरून उतरून घेतलं, फक्त कोटाऐवजी बाराबंदी घातली आणि वर मुंडासं. पण केरबांचा फोटो कोणाकडेच नाही. त्यांना बघितलेलं शेवटचं माणूस म्हणजे आपली थोरली आत्या, आणि तू जन्मलीस तेव्हा तुला मांडीवर घेऊन ती काय म्हणाली होती ते तात्या नेहमी सांगायचे: पोरगी कसली, केरबाच आलाय. तेच कपाळ, तोच जबडा, तशीच नजर. हे पत्र आजच्याच एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे, तेव्हा तू गुरुवारच्या सकाळच्या एस.टी.ने निघ आणि माझ्यासमोर बस. अकरा दिवस नको, तीन पुरेत, पंखा चालू ठेवीन. मिशी मी माझी माझी काढीन.

ता. क. ३. दाजी म्हणाले, तू येणार नाहीस, आणि आलीस तरी पूर्ण वेळ माझ्याशी भांडत बसशील. बस. चेहरा शांत ठेवायचाच नाहीय.